दोन व्याकरणांमधली मराठी

मुलांना घरीच शिकवणाऱ्या इंग्रजीभाषक कुटुंबांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे: आधी लॅटिनचे व्याकरण घ्यावे की इंग्रजीचे, आणि दोन्ही घ्यायची तर कुणाला किती वेळ द्यावा. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली लॅटिन व्याकरण हाच शिक्षणाचा सर्वांत भक्कम पाया असल्याचे ठासून सांगितले, आणि अमेरिकेतल्या घरशिक्षणाच्या एका मोठ्या प्रवाहाने ते प्रमाण मानले. आपल्याकडे हाच वाद लॅटिनच्या जागी संस्कृत घालून जसाच्या तसा उचलला जातो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत संपूर्ण घरशिक्षण विरळाच. शिक्षणहक्क कायद्यात त्याला स्वतंत्र जागा नाही, आणि शेवटी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालयाची परीक्षा हीच वाट उरते. पण शाळेनंतर घरी काय शिकवायचे याची वाटणी आई-वडील करतातच. पोटापाण्यासाठी इंग्रजी ग्रामर, संस्कारासाठी आणि पुढे दहावीच्या गुणांसाठी संस्कृत. मराठी ‘येतेच’, म्हणून तिच्या व्याकरणाला या वाटणीत वेळ नसतो. माझ्या मते ही मांडणी मुळातच चुकली आहे, कारण इंग्रज मुलासाठी जे काम लॅटिन करते, ते मराठी मुलासाठी मराठीच करू शकते.

लॅटिनचे ते काम कोणते, हे आधी नीट पाहायला हवे. इंग्रजी नामांचे विभक्तिप्रत्यय जवळजवळ सगळे झडले. कोणी कोणाला मारले हे तिथे शब्दाच्या जागेवरून कळते. त्यामुळे कर्ता, कर्म, संप्रदान या कल्पना इंग्रज मुलाला आपल्या भाषेत डोळ्यांना दिसत नाहीत. लॅटिनमध्ये शब्दाचे शेपूट बदलताना दिसले की त्या दिसू लागतात. आता नारायणगावच्या स्टँडवरचे सहा वर्षांचे पोर घ्या. ते ‘आळेफाटावर’ म्हणत नाही, ‘आळेफाट्यावर’ म्हणते. ‘भाकरी खाल्ली’, ‘आंबा खाल्ला’, ‘केळं खाल्लं’ यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरवते, आणि ‘भाकरी खातो’ म्हणताना तेच क्रियापद मुकाट्याने कर्त्याकडे वळवते. तीन लिंगे, सामान्यरूप, काळानुसार बदलणारा प्रयोग एवढे सगळे त्याच्या कानात पक्के आहे. कानातले हे ज्ञान डोळ्यांपुढे आणणे एवढेच शिकवणाऱ्याचे काम, आणि त्यासाठी परकी भाषा लागत नाही.

मग ते होत का नाही? मोठे कारण असे की शाळेतल्या मराठी व्याकरणाचा अंगरखा दोन ठिकाणांहून उसना आणलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली आले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, आणि इंग्रजी व्याकरण स्वतः लॅटिनच्या साच्यातून निघालेले. नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठ शब्दजाती पाठ करणारे मूल नकळत रोमन व्याकरणकारांकडून आलेले वर्गीकरणच पाठ करत असते. यास्काने शब्दांचे चारच वर्ग केले होते आणि पाणिनीचे काम सुबन्त-तिङन्त या दोन मोठ्या गटांवर भागते. विभक्त्या मात्र संस्कृतातून आल्या. म्हणून ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेतही आणि चतुर्थीतही छापावे लागतात, आणि ‘मग दोन कशाला?’ असे विचारणाऱ्या हुशार मुलाला गप्प बसवावे लागते. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा अडचणींचा कीस काढला, पण शालेय पुस्तकांनी त्यातली तयार उत्तरे घेतली आणि प्रश्न सोडून दिले. सर्वांत मोठा गोंधळ प्रयोगाचा. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. पण या वाक्यात राम मागे सरत नाही, उलट भूतकाळात हे सांगण्याची ही मराठीची साधी, रोजची रीत आहे. इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसला ‘कर्मणी’ असे नाव देऊन शिकवले की मूल दोन्हीकडे चुकते, आणि दोष त्याच्या डोक्याला जातो.

संस्कृतचा अभिमान असणारे इथे म्हणतील की पाणिनीच्या शिस्तीने बुद्धीला वळण लागते, ते मराठीने कसे लागेल? हाच दावा लॅटिनबद्दल होता आणि तो तपासला गेला आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये हजारो अमेरिकी विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून दाखवले, की लॅटिन घेतल्याने सर्वसाधारण विचारशक्तीत फारशी वेगळी भर पडत नाही. २००३ साली लुडविग हाग आणि एल्सबेथ स्टर्न यांनी स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांची तुलना केली: पूर्वी फ्रेंच शिकलेल्यांच्या व्याकरणाच्या चुका लॅटिन शिकलेल्यांपेक्षा कमी निघाल्या. जवळची जिवंत भाषा दूरच्या अभिजात भाषेपेक्षा जास्त उपयोगी पडली. या अभ्यासांत मराठी मुले नव्हती, हे खरे. पण मंचरच्या मुलाची इंग्रजी वही उघडली तर कारण उमगते. ‘अ’ की ‘द’, प्रश्नात ‘डू’ कुठे घालायचे, क्रियापद कर्माच्या आधी का येते, अशा ठिकाणी ते अडते. संस्कृतात ना उपपदे, ना बांधलेला शब्दक्रम. कितीही शब्द चालवले तरी तिथली मदत इथे पोचत नाही. आणि द्विवचन, विसर्गसंधी, लकार यांत इंग्रजीचा काडीचा उपयोग नाही. दोन्हींची तुलना करता येईल असा मधला ओटा एकच, तो मराठीचा.

याचा अर्थ संस्कृत नको असा नाही. राज्याच्या अभ्यासक्रमात ते आठवीपासून येते, ते वय ठीकच आहे. फक्त ते मराठीचे मूळ उलगडण्यासाठी यावे, पैकीच्या पैकी गुणांसाठी घोकले जाऊ नये. ‘रामेण आम्रं खादितम्’ हे वाक्य ‘रामाने आंबा खाल्ला’शेजारी ठेवले, की कर्मणी प्रयोगाचे कोडे एका क्षणात सुटते. आणि या दोहोंमधली पायरी तर जुन्नरकरांच्या दारातच आहे. नाणेघाटातला सातवाहनांचा मोठा लेख अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायींची नोंद करतो, तोही संस्कृतात नव्हे, प्राकृतात. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे ‘यवनस’ अशा षष्ठीत कोरली आहेत. संस्कृत ‘-स्य’ झिजून झालेला हा प्रत्यय पुढे आणखी झिजला आणि आपल्या सामान्यरूपात मुरला, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या इतिहासात सविस्तर आहे. प्राकृतात चतुर्थीचे बरेचसे काम षष्ठीनेच उचलले होते. तेव्हा विभक्ती दोन कशाला, हा त्या हुशार मुलासारखा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे. रामरक्षा पाठ असलेल्या किती मुलांना हे लेख कोणी दाखवले असतील? सहली जातात, शिवजन्मस्थान पाहून खाली उतरतात.

इंग्रजीच्या बाजूने येणारा आक्षेप वेळेचा आहे. नोकरी इंग्रजीवर मिळते, मग मराठीवर तास का घालवायचा? पण मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकणे हा आडवळणाचा रस्ता नाही. ‘तर्खडकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर ठेवूनच. त्या पाठमाला आज रुक्ष वाटतील, इंग्रजी जुनाट वाटेल. पद्धत मात्र शाबूत आहे. ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यात कर्ता कोण, हा प्रश्न मराठीत सोडवलेले मूल इंग्रजीत ‘टू मी’ने वाक्य सुरू करणार नाही.

खरा अवघड आक्षेप याच तालुक्यांच्या पश्चिम भागातून येतो. डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यांत, भीमाशंकरच्या डोंगरकुशीत महादेव कोळी आणि ठाकर मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे. त्यांच्यासाठी ‘मराठी व्याकरण’ हेही संस्कृत-इंग्रजीसारखे तिसरे ओझे ठरू शकते, आणि आदिवासी विभागाच्या योजनेतून इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेलेल्या मुलाच्या वाट्याला तर ही तिन्ही एकदम येतात. इथे माझा युक्तिवाद प्रमाण मराठीपुरता थांबवला तर तो लंगडा पडेल. मूल जी रूपे बोलते तीच पाटीवर लिहायची, त्यांतले नियम त्यालाच शोधू द्यायचे, आणि पुस्तकातले रूप त्याशेजारी दुसरे म्हणून मांडायचे, चुकीची दुरुस्ती म्हणून नाही. घरी शिकवणाऱ्याला हे शाळेपेक्षा सोपे आहे, कारण त्याच्यापुढे चाळीस मुले नसतात आणि बोली त्याचीही असते. आश्रमशाळेतल्या शिक्षकाकडे मात्र असे साहित्य हवे, आणि ते पुण्या-मुंबईत बसून लिहिता येणार नाही. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाने आपल्या शिक्षकांकडून आधी या रूपांच्या वह्या भरून घ्याव्यात. व्याकरणाचे पुस्तक नंतर छापता येईल.