केसपेपरवर न उतरलेलं

आत्याला अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्री तिच्या ट्रंकेतली प्लॅस्टिकची पिशवी मी पालथी केली. रेशनकार्ड, आधारकार्डाची झेरॉक्स आणि चारदा दुमडलेला एक केसपेपर. आठ महिन्यांपूर्वीचा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला. रक्तदाब 180/110. खाली रोज सकाळी एक गोळी, तीस दिवस, आणि महिन्यानं परत यायची सूचना, सगळं इंग्रजीत. निदान बरोबर होतं, औषध बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. चूक सापडावी म्हणून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. चूक नव्हती.

आत्यानं तीस दिवस गोळ्या नेमानं घेतल्या होत्या. चक्कर थांबली, गोळ्याही संपल्या, म्हणजे गुण आला असं तिनं धरलं. दुसरी इयत्ता शिकलेली बाई. इंग्रजी अक्षरं तिच्या लेखी नुसत्या रेघोट्या. ही गोळी कायमची आहे, बरं वाटलं तरी बंद करायची नाही, हे मराठीत सांगायला दहा सेकंद पुरतात. ते तिला कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरांना वाटलं असेल, औषधाच्या खिडकीवर सांगतील. खिडकीवरच्या माणसाला वाटलं असेल, डॉक्टरांनी सांगितलंच असणार.

काही महिन्यांनी तिला नीट बोलता येऊ लागलं तेव्हा मी विचारलं, त्या दवाखान्यात वागणूक कशी मिळाली होती? ती म्हणाली, ‘चांगली की. औषध दिलं, पैसं घेतलं न्हाईत. अजून काय पायजे?’

या उत्तरानं मला झोप लागू दिली नाही. तिच्या हातात त्या वेळी समाधानाचा फॉर्म दिला असता तर तिनं ‘उत्तम’वर अंगठा उठवला असता आणि तो अंगठा वर कुठल्या तरी टक्केवारीत जाऊन बसला असता. सरकारी दवाखान्यांच्या गुणवत्तेसाठी आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय मानकं आहेत. त्यांच्या आठ विभागांपैकी एक खास रुग्णांच्या हक्कांचा आहे. 2016 मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचं मत नोंदवण्याची व्यवस्था आली. हेतू चांगलाच आहे. पण ज्याला आयुष्यात कुठल्याच सरकारी खिडकीवर बसायला सांगितलं गेलेलं नाही, त्याच्या समाधानावरून सेवा मोजली तर माप चुकतं. ज्याची अपेक्षाच तोकडी, त्याचं समाधान लवकर होतं. म्हणून समाधान विचारू नका, काय घडलं ते विचारा. तुम्हाला काय झालंय हे कुणी सांगितलं का? गोळी किती दिवस घ्यायची? तपासताना पडदा ओढला होता का? रात्री हाक मारली तेव्हा कोणी आलं का, आणि किती वेळानं? या प्रश्नांना ‘चांगलं होतं’ असं उत्तर देता येत नाही. हो, नाही किंवा नेमका आकडा सांगावा लागतो.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. हे फार मोलाचं झालं. पण फुकट मिळालं की बोलायचा हक्क संपला, ही आपली जुनी सवय त्यानं मोडलेली नाही. आत्या साबण घेते, चहापत्ती घेते, त्यावर कर भरते. तो दवाखाना तिच्याही पैशानं चालतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आता हे सारं वाचून दवाखान्यातल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना दोष द्यायला कुणी निघणार असेल तर त्यानं आधी एका बाजाराच्या दिवशी ओपीडीत बसावं. मी बसलो. सकाळी दहा ते एक, डॉक्टर एकच, आणि रांगेत साधारण 140 माणसं. माणशी सव्वा मिनिटाच्या आसपास. त्यातच सर्पदंशाचा एक पोरगा आला आणि पाऊण तास सगळं थांबलं. मानकांप्रमाणे सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार लोकांमागे, डोंगराळ आणि आदिवासी भागात 80 हजारांमागे असं एक 30 खाटांचं रुग्णालय हवं, आणि तिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ हवेत. केंद्राच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभर अशा तज्ज्ञांची तूट 80 टक्क्यांच्या जवळ होती. भूलतज्ज्ञ नाही म्हणून अडलेली बाळंतीण 108 च्या गाडीत घालून ‘वर’ पाठवायची, आणि नातेवाइकांच्या शिव्या मात्र ड्युटीवरच्या सिस्टरनं खायच्या. अशा ठिकाणी भिंतीवर ‘सौजन्यानं बोला’ची पाटी लावणं हा त्या सिस्टरवरही अन्याय आहे. जागा भरल्याशिवाय सौजन्य टिकत नाही, हे सरकारला पुन्हा पुन्हा ऐकवलं पाहिजे.

तरीही, जागा भरेपर्यंत थांबा, असं मी म्हणणार नाही. आत्याला सांगायचं ते वाक्य तज्ज्ञाअभावी राहिलं नव्हतं. ते कुणाचंच काम नव्हतं म्हणून राहिलं. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-संध्याकाळ दाखवता येते. परत यायची तारीख मराठीत लिहिता येते. खिडकीवर गोळ्या देताना ‘आता सांगा बरं, कशा घ्यायच्या?’ असं रुग्णाकडूनच वदवून घेता येतं. वस्तीवर आशाताई आहे, तिला नावांची यादी देता येते. त्यासाठी एकच गोष्ट आधी मान्य करावी लागते: रुग्णाला समजणं हा उपचाराचाच भाग आहे, उपचार उरकल्यावरची चांगुलपणाची भर नव्हे.

हे मान्य करून दवाखाना उभारला गेल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं कुठल्याही तपासणी यादीत न बसणारी होती. मोठ्या इमारतीत वाट चुकते, भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कपड्यात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. आमच्या माणसांना आमच्यापासून दूर ठेवतात. मग ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला, रुग्णाजवळ त्याचे नातेवाईक राहू लागले, आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते प्रश्नाचं स्थान. घरं कशी बांधायची हे ठरण्याआधी तो प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे इमारत झाल्यावर, फीत कापल्यावर आणि बहुधा तक्रार आल्यावर विचारतात.

सरकारी व्यवस्थेतही हे अशक्य नाही. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिच्या समन्वयाला होती. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, आणि जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले असताना बोलायचं. बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठ्या, मोफत सेवेसाठी घेतलेले पैसे, बंद उपकेंद्र, हे तिथे पहिल्यांदा उघड्यावर आलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या चिठ्ठ्या थांबल्या. आणखी एक झालं, ज्याची चर्चा कमी होते. औषधांचा पुरवठा का होत नाही, पदं का रिकामी आहेत, हे दवाखान्यातल्या माणसांनाही तिथे बोलता आलं, आणि ऐकणारं गाव त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. रुग्णाचं ऐकणं आणि कर्मचाऱ्याचं ऐकणं ही कामं एकमेकांविरुद्ध नाहीत.

ऐकलं नाही तर काय होतं, हे श्रीमंत देशांनीही पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. नातेवाईक तक्रारी करत होते, आणि त्याच काळात, 2008 मध्ये, त्या संस्थेला वरचा दर्जा बहाल झाला. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या 2013 च्या चौकशी अहवालानं दाखवलं की व्यवस्थापनाचं लक्ष लक्ष्यपूर्तीवर आणि हिशोबावर होतं. खाटेशेजारी बसलेल्यांना जे आधी दिसत होतं, ते कागदाला फार उशिरा दिसलं.

आत्या आता काठी घेऊन ओट्यापर्यंत चालते. गोळी रोज घेते.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्णकल्याण समिती असते. तिच्या बैठकीत रंगकाम, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी हे विषय होतात आणि ते व्हायलाच हवेत. तुम्ही त्या समितीवर असाल, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत एक आकडा मागा: रक्तदाबाच्या पहिल्या महिन्याच्या गोळ्या नेलेल्यांपैकी दुसऱ्या महिन्याला किती जण परत आले, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेलं? 2017 च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात, ज्यात महाराष्ट्रही होता, न आलेल्यांचा असाच माग ठेवला जातो. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. नावं दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आहेत.