शुद्धी आणि कर्तृत्व

ग्रंथातील बारीकसारीक दोष मनुष्याने स्वतःच्या डोळ्यांनी दूर करावे की यंत्राच्या हवाली करावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी धर्मचिंतनाचा वाटत नाही. तो कचेरीतल्या कारकुनाच्या सोयीचा वाटतो. शब्दांमधील दुहेरी मोकळी जागा एकेरी करावी, विसर्गाच्या ठिकाणी पडलेला अपूर्णविराम हुडकून काढावा, दंडाऐवजी टंकलेली उभी रेघ बदलावी, ही कामे संगणकावर ‘शोधा आणि बदला’ या आज्ञेने, किंवा अशा अनेक आज्ञा एका सूत्रात ओवून केलेल्या मॅक्रोने, निमिषार्धात उरकतात. परंतु ज्या ग्रंथावर हा संस्कार व्हावयाचा तो नित्यपाठातला असेल, तर त्यातील अक्षर बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या बदलाचे पापपुण्य कोणाच्या खाती जमा व्हावयाचे, हे विचारणे प्राप्त होते.

या विचाराला कुंभकोणमसारखे अनुकूल स्थान क्वचितच सापडेल. तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीत कावेरीच्या या प्रदेशात स्थिरावलेल्या दक्षिणी मराठी कुटुंबांपैकी कित्येक दप्तराच्या संस्कारात वाढली. १८२८ साली कुंभकोणमातच जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. नक्कल अस्सलाशी ताडून रुजू केल्यावाचून तिच्यावर भिस्त ठेवू नये, हा दप्तराचा धर्म. त्याच नगरात, नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांच्या नावाशी जोडलेल्या वेदपाठशाळेत, याहून प्राचीन अशी रुजुवात मुखाने चालत आली आहे. घनपाठात पहिले व दुसरे पद सरळ म्हणावयाचे, मग तीच दोन उलट, मग तीन पदे सरळ, तीन उलट आणि पुन्हा तीन सरळ. असे करीत एकेक पद पुढे सरकावयाचे. ही योजना अर्थाची वाट पाहत नाही, ती निव्वळ नियमाने चालते, आणि एखादे पद गळाले वा स्वर ढळला तर त्या उलटसुलट आवर्तनांत तो दोष लपून राहत नाही. तेव्हा यंत्रवत नियम हा धर्माला विजातीय आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र त्या ऋषितुल्य योजनाकारांनी नियमाला दोष उघड करण्याचा अधिकार दिला, पाठ बदलण्याचा दिला नाही, हे विसरता कामा नये.

हा विवेक का आवश्यक होता, याची साक्ष कुंभकोणमच्याच शार्ङ्गपाणीच्या कथेत मिळते. वैष्णव परंपरा सांगते की, या देवाच्या स्तुतीची दहा पदे नाथमुनींच्या कानी पडली आणि त्यांच्या शेवटी ‘सहस्रांतील ही दहा’ असा निर्देश आढळला. उरलेल्यांच्या शोधात ते निघाले, आणि आळ्वार संतांचे लुप्त झालेले चार सहस्र पदांचे प्रबंध जगाला पुन्हा लाभले. ज्याला आपण केवळ गणती म्हणून टाकून देऊ, त्या एका संख्येने एवढा ग्रंथराशी परत आणला. नीटनेटकेपणाचा सोस असलेल्या एखाद्या मॅक्रोने ‘पदांतीची संख्यावाचक भर’ पुसली असती, तर पान निर्मळ दिसले असते आणि वाट मात्र बुजली असती.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, शुद्धीचे काम एकनाथांनी केले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शोधून सिद्ध केली, तीत आपले नाव व काळ नोंदविला, आणि पुढे कोणी आपली ओवी घुसडील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असे बजावले. राजवाड्यांनी १९०९ साली नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा नाथांच्या संशोधनाची चर्चा होऊ शकली. कारण ते संशोधन निनावी नव्हते. शुद्धीला नाव असले म्हणजे तिच्याशी वाद घालता येतो.

आता समजा, कुंभकोणमच्या एखाद्या घरातील दासबोधाची जुनी वही, तिच्यातल्या लेखनक्रियेच्या समासासकट, कोणी टंकून काढली. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरे यंत्र मोजील, पण ओवीला अक्षरसंख्येचे असे बंधन नसल्याने गळालेला शब्द त्याला मोजणीने सापडणार नाही. शिवाय, काही टंकनपद्धतींत ‘ऱ्या’मधला अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हावर तोललेला असतो, सारी अदृश्य चिन्हे केरासमान मानून काढून टाकली, की ‘आचाऱ्याला’ वाढलेले वेतन बिनबोभाट ‘आचार्याला’ मिळते.

अशा प्रमादाचा कर्ता कोण? पाणिनीने स्वतंत्र असेल त्याला कर्ता म्हटले, आणि दुसऱ्याकडून करविणाऱ्या प्रयोजकालाही कर्तृत्वातून सोडले नाही. यंत्राला स्वातंत्र्यच नसल्याने त्याच्या हातून घडलेले सारे कर्तृत्व अविभक्तपणे प्रयोजकाकडे येते. मुखत्याराने केलेला व्यवहार धन्याला बांधतो. येथे तर मुखत्याराला नकार देण्याचीही बुद्धी नाही. म्हणून ‘सर्व बदला’ ही कळ दाबणारा मनुष्य हजार अक्षरे बदलतो, एक कळ दाबली म्हणून त्याचे उत्तरदायित्व एकपट होत नाही.

कोणी म्हणेल, मग हाताने एकेक चूक वेचणे हेच तप मानावे. मला ते मान्य नाही. शिणलेल्या डोळ्यांनी केलेली चूकही चूकच असते, आणि कंटाळ्याला पुण्य लागत नाही. दुहेरी मोकळ्या जागा यंत्राने खुशाल मिटवाव्या. पण जेथे अक्षर, चिन्ह वा संख्या बदलते, तेथे यंत्राने स्थळ दाखवावे आणि निवाडा माणसाने करावा. मूळ प्रत अस्पृष्ट ठेवावी, बदलांची यादी जोडावी, आणि तिच्याखाली आपली सही करावी. एवढे करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पाठ अशुद्ध राहू द्यावा. कारण अशुद्ध पाठ पुढचा वाचक शोधू शकतो, निनावी शुद्धी त्याला दिसतही नाही.