जाणाऱ्याचे ऋण

पॅसिफिक महासागरातील पिटकेर्न बेटावर १७९० साली ‘बाउंटी’ जहाजावरचे बंडखोर आणि त्यांच्यासोबतची ताहितीकडील स्त्रीपुरुषे उतरली. १९३७ साली तेथे २३३ माणसे होती. आज पन्नासाच्या आसपास उरली आहेत, आणि त्यांत मुले अगदी थोडी. जहाज दूर समुद्रात थांबते; माणसे आणि माल होडीतून न्यावी-आणावी लागतात. महानगरातून एकजण गेला तर शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. येथे एक तरुण गेला की होडीवरचे दोन हात कमी होतात. मग त्याने जाऊच नये काय? तसे म्हणण्याचा अधिकार मला कोणालाच दिसत नाही. बेट माणसांसाठी असते; माणूस बेटासाठी जन्मलेला नसतो. तथापि ज्यांनी आपल्याला होडीतून जहाजापर्यंत पोचवले, ते मागे फिरणार आहेत, एवढे त्याने विसरू नये.