अज्ञान पालनकर्ता

जमिनीच्या जुन्या मराठी दप्तरात एखाद्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे लिहिलेली आढळतात. त्यांचा विस्तार 'अज्ञान पालनकर्ता' असा आहे. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. जमीन तिच्याच मालकीची असते. आई किंवा बाप ती केवळ सांभाळीत असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या ८ व्या कलमान्वये अज्ञानाची स्थावर मिळकत पालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. विकलीच, तर ते मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. अर्ध्या गुंठ्यासाठी कायदा इतकी दक्षता घेतो. परंतु त्याच मुलाच्या बालपणाची दहा वर्षे एखाद्या खेळाच्या हवाली करावयाची झाल्यास एका छापील अर्जावरची पालकाची सही पुरते. ही सही कोणत्या अधिकाराने होते, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका खेळाच्या नावावरून. कॅनडात मुलांच्या हॉकीच्या साऱ्या व्यवस्थेस 'मायनर हॉकी' म्हणतात; आणि इंग्रजी कायद्यात अज्ञानासाठीही हाच 'मायनर' शब्द आहे. बेळगावच्या वाचकांस हॉकी परकी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात बेळगावचे बंडू पाटील होते. तथापि कॅनडात नुसते 'हॉकी' म्हटले की ती बर्फावरची. पायांत पोलादी पात्यांचे बूट, डोक्यास शिरस्त्राण, आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती. टोरांटोच्या परिसरात आपली मराठी कुटुंबे आता चांगली रुजली आहेत. अशा घरातले पाच-सहा वर्षांचे मूल वर्गसोबत्यांचे पाहून हॉकीचा हट्ट धरते, तेव्हा ज्यांनी स्वतः कधी बर्फावर पाऊल ठेवलेले नाही अशा आईबापांना त्याच्या वतीने संमती द्यावी लागते. त्या अर्जात अज्ञान नेमके कोण, असा संशय यावा अशीच ही स्थिती होय. म्हणून पालकत्वाचे पहिले कर्तव्य जाणून घेणे हे आहे.

जाणून घ्यावयाचे ते प्रथम शरीराविषयी. या खेळात प्रतिपक्षाच्या खेळाडूस अंगाने धडक देऊन चकतीपासून दूर करणे नियमास धरून मानले जाते. कॅनडाच्या अनेक प्रांतांत पूर्वी ११-१२ वर्षांच्या मुलांनाही ही मुभा होती. अल्बर्टा प्रांतात ती होती, क्वेबेकमध्ये नव्हती. या दोन प्रांतांतील त्या वयाच्या मुलांची तुलना करणारे एक संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जेथे मुभा होती तेथे मेंदूस हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे दिसून आले. २०१३ मध्ये त्या वयोगटापुरती ही धडक देशभर बंद करण्यात आली. पुढे २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने मेंदूच्या अशा दुखापतींविषयी स्वतंत्र कायदा केला. तेथे आता खेळाडूने, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकानेही, या दुखापतीची माहिती वाचल्याचे मान्य केल्यावाचून नोंदणी होत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१३ पूर्वीही हजारो पालकांनी सद्हेतूनेच सह्या केल्या होत्या. सद्हेतूने मुलाचे डोके वाचत नाही. 'सारेच खेळतात' हा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट गुणवत्तेच्या निवाड्याची. मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येतात. सात वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे काय, हे कोणतीही आई सांगेल. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की वरच्या दर्जाच्या हॉकीपटूंत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा आहे. थोराड मूल निवडले जाते, निवडले गेले म्हणून त्यास अधिक शिक्षण मिळते, आणि अधिक शिक्षणामुळे ते खरोखरच सरस ठरते. आपण ज्यास दैवी देणगी म्हणतो ती पुष्कळदा केवळ जन्मतारीख असते. मग सातव्या वर्षी मुलास 'तुला जमणार नाही' असे सांगणारा बाप कशाच्या आधारावर निकाल देतो?

तिसरी गोष्ट अधिक कटू आहे. परंतु ती टाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. मूल आपण प्रशिक्षकाच्या स्वाधीन करतो तेव्हा त्याच्यावरील आपला अधिकारही काही काळ त्यास उसना देतो. शेल्डन केनेडी या नामवंत खेळाडूने किशोरवयात प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचारास वाचा फोडली, आणि १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकास कारावासाची शिक्षा झाली. जुलै २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे असे उघड झाले की 'हॉकी कॅनडा' या राष्ट्रीय संस्थेने लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांच्या तडजोडी ज्या निधीतून केल्या, त्यात खेळाडूंच्या नोंदणी शुल्काचाही अंश होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संस्थेचे सारे संचालक मंडळ पायउतार झाले. याचा अर्थ सर्व प्रशिक्षक संशयित आहेत असा नव्हे. बहुतेक जण पदरमोड करून पहाटेच्या थंडीत परक्या मुलांसाठी उभे राहतात. अर्थ इतकाच की विश्वास ठेवणे आणि चौकशी करणे यांत विरोध नाही. मिळकतीचा मुखत्यार नेमताना आपण चार प्रश्न विचारतो. येथे तर मिळकतीहून मोलाचे काही आपण सोपवीत असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. पाच वर्षांच्या मुलास स्वतःचे हित कळत नाही. त्याच्या संमतीची वाट पाहत बसलो तर ते ना पाढे शिकेल, ना तबला, ना पोहणे. पहिल्या दिवशी विहिरीच्या काठावर रडलेल्या किती मुलांनी पुढे बापाचे आभार मानले आहेत! हे सर्व खरे आहे. आरंभ पालकानेच करावयाचा असतो. परंतु आरंभ करण्याचा अधिकार म्हणजे अखेरपर्यंत चालवण्याचा अधिकार नव्हे. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात ३१ वे कलम मुलाचा खेळण्याचा हक्क सांगते, आणि १२ वे कलम सांगते की मुलास ज्यांची झळ पोहोचते अशा बाबतींत त्याचे म्हणणे ऐकून त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्यास वजन दिले पाहिजे. कॅनडाने हा करार १९९१ मध्ये व भारताने १९९२ मध्ये मान्य केला. ऐकणे म्हणजे प्रत्येक वेळी मान्य करणे नव्हे. परंतु ज्याचे ऐकले जात नाही त्याची आज्ञाधारकता म्हणजे संमती असेही नव्हे.

येथे विश्वस्तांचा कायदा आम्हांस उपयोगी वाटतो. भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे विश्वस्ताने विश्वस्त मिळकतीचा स्वतःच्या लाभासाठी उपयोग करावयाचा नाही. लाभ केवळ पैशाचाच असतो काय? मुलाच्या विजयाने चारचौघांत ताठ होणारी बापाची मान, आपल्या अपुऱ्या राहिलेल्या हौसेची मुलाकडून केलेली वसुली, परक्या देशात आपण तेथलेच झाल्याचा मुलाच्या खेळातून मिळणारा दाखला, हेही लाभच होत. ते आपोआप पदरात पडले तर दोष नाही. त्यांच्यासाठी मुलास राबवले तर तो विश्वासभंग होय. याची पारख मैदानावर होत नाही. सामना हरल्यानंतर घरी परतताना गाडीत जे बोलणे होते, किंवा जो अबोला असतो, त्यात ती होते. त्या अर्ध्या तासात मूल आपल्या चेहऱ्यावरून हेच वाचीत असते की आपण खेळलो कोणासाठी.

कॅनडात २०१७ पासून सर्वांत लहान मुलांना पूर्ण मैदानाऐवजी त्याच्या आखूड भागावर खेळवण्याचा नियम झाला. मोठ्यांच्या मापाचे मैदान त्यांच्या पायांस पेलत नव्हते. मोठ्यांच्या मापाच्या आकांक्षांनाही अशीच काटछाट हवी, मग खेळ बर्फावरचा असो की आपल्या मातीतला.

जमिनीचा गैरव्यवहार झाला तर सज्ञान झालेल्या मुलास न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. बालपणाचा गैरव्यवहार झाला तर तो रद्द करून देणारे न्यायालय कोठेही नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी पालकाने न्यायाधीशही स्वतःच व्हावयाचे असते; आणि त्या न्यायासनापुढे पहिली साक्ष मुलाची घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.