वहिवाटीच्या वाटेवर मुरूम कोणी टाकायचा?

ऊस तोडणीला आला की शेतरस्त्याची आठवण सगळ्यांनाच होते. पावसाळाभर ज्या वाटेने जनावरं, मोटारसायकली आणि शाळेची पोरं चिखल तुडवत गेली, तिच्यावरून आता भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बाहेर काढायचा असतो. मग बांधावर बैठक बसते आणि सुरुवातीलाच अडते. पहिल्या शेताचा मालक म्हणतो, ‘माझं रान डांबरीला लागूनच आहे, मी कशाला वर्गणी देऊ?’

नकाशावर नोंदलेल्या पाणंदींसाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. भावकीच्या वाटण्यांतून पडलेली, कुणाच्या तरी गटातून जाणारी वाट मात्र शेजाऱ्यांच्याच गळ्यात असते. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट मिळवून देतं. ती कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. खर्चाबद्दल बोलतो तो 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. वाट वापरण्याजोगी ठेवण्याचा खर्च वाट वापरणाऱ्याने करायचा, असं त्याचं कलम 25 सांगतं. ज्याच्या जमिनीतून वाट जाते, त्याच्यावर दुरुस्तीचं बंधन नाही. हे मला न्याय्य वाटतं. त्या माणसाची दहा फुटांची पट्टी आधीच पिकाबाहेर गेलेली असते.

पण वापरणारे पाच असतील तर आपसात वाटणी कशी करायची? समजा, वाट हजार फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. सहा इंचांचा थर द्यायचा तर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट मुरूम, जेमतेम वीस फूट पुरतो. एकूण पन्नास ब्रास लागणार. समान वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला दहा ब्रास येतात, आणि दोनशे फूटच वापरणारा पहिला शेतकरी उठून जातो. म्हणून वाटेचे दोनशे-दोनशे फुटांचे पाच तुकडे धरावेत आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च त्यावरून जाणाऱ्यांतच वाटावा. पहिला तुकडा पाचही जणांचा, शेवटचा एकट्याचा. तसं केलं तर पहिल्याला दोन ब्रास येतात आणि शेवटच्याला जवळजवळ तेवीस.

हिशेब चोख आहे, तरी मला तो तसाच्या तसा मान्य नाही. शेवटचं रान वाटणीत ज्याच्या वाट्याला आलं, त्याने ते मागून घेतलेलं नसतं. दोन एकर ज्वारी करणाऱ्याची वाट लांब असेल, पण तिला चाकोऱ्या पाडतात त्या मधल्या बागायतदाराच्या ट्रॉल्या. तेव्हा लांबीइतकंच वजन धरलं पाहिजे. वर्षाला किती खेपा आणि कशाच्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

पाण्याचंही तसंच. शेतरस्ता चाकांपेक्षा पाण्याने लवकर मरतो. दरसाल नांगरताना कडेची चारी वीतभर आत ओढणारा शेतकरी एक रुपयाचाही मुरूम उचलत नाही, पण त्याच्या बांधाला अडलेलं पाणी सगळ्यांचा मुरूम वाहून नेतं. माझ्या मते त्याची वर्गणी सर्वात आधी ठरावी, आणि ती पैशात नको. चारी पुन्हा मोकळी करून द्यावी, मोरीतला गाळ स्वतः काढावा. धुळे-नाशिक भागातल्या सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटाची सफाई पाणी घेणारेच करत आले. आपल्या हातांनी गाळ उपसलेला माणूस पाटात कचरा ढकलताना थांबतो, असं मला वाटतं.

यात मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच माणसाची. बैठक फिसकटत आली की एखादा सधन शेतकरी म्हणतो, ‘जाऊ द्या, मीच टाकतो सगळा मुरूम.’ सगळ्यांना हायसं वाटतं. तो बहुधा मनापासूनच म्हणत असतो. पण दहा वर्षांनी त्याचा मुलगा तोंडाशी लोखंडी फाटक बसवतो आणि म्हणतो, ‘रस्ता आमच्या बापाने केलाय.’ कायद्यात त्याचा दावा टिकेल की नाही हे पुढचं. तारखा पडत राहतात तोवर शेजाऱ्याचा ऊस रानात वाळतो. म्हणून एकट्याला सगळा खर्च करू देऊ नये, तो कितीही आपलेपणाने पुढे आला तरी. आणि कुणाचा वाटा शून्यही ठेवू नये. पहिल्या शेतवाल्याचे दोन ब्रास त्यासाठीच महत्त्वाचे.

ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचं काय? नवऱ्यामागे एकटीने शेती रेटणारी बाई बैठकीत बहुतेक बोलतच नाही, आणि इतर जण कनवाळूपणाने तिला यादीतून वगळतात. ही दया तिला महागात पडते. तिच्याकडून दोन दिवसांची मजुरी घ्या, किंवा ऊसबिल आल्यावर पैसे घ्या, पण वहीत तिचं नाव, रक्कम आणि तारीख लिहा. वहिवाटीने हक्क सांगायला वीस वर्षांचा अखंड, उघड वापर दाखवावा लागतो. तहसीलदारापुढे किंवा कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर दर दिवाळीला सगळ्यांच्या सह्यांनिशी भरलेली ती वही तिच्या बाजूने बोलेल.