रेशमाचे ऋण

आपल्याकडे शुचितेच्या बाबतीत रेशमाला मोठा मान आहे. सुती वस्त्र सोवळ्यात नेसायचे तर ते धुऊन, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावे लागे. रेशमी कदाला नि मुकट्याला एवढी कडक अट नसे. लग्नात शालू, पूजेला पीतांबर, सणाला पैठणी! ज्या वस्त्राच्या वारावारासाठी शेकडो जीव जातात, तेच आपण सर्वांत पवित्र मानावे, यातली विसंगती सहसा कुणाला टोचत नाही.

जपानातल्या ओकाया गावी मात्र ती नजरेआड करता येत नाही. सुवा सरोवराकाठचे हे गाव एके काळी रेशमाच्या कारखान्यांनी गजबजलेले होते. तेथे १९६४ साली रेशमाचे संग्रहालय निघाले. २०१४ मध्ये ते नव्या जागी गेले, तेव्हा एक चालता कारखानाच त्यात सामावून घेण्यात आला. तोमिओकाच्या १८७२ सालच्या सरकारी गिरणीतले फ्रेंच यंत्र पाहून माणूस पुढे येतो, तो गरम पाण्यात तरंगणाऱ्या कोशांपाशी. तेथे धागा उकलत असतो आणि आतला मेलेला जीव हळूहळू उघडा पडत असतो.

अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीएवढी असते. सुमारे पंचवीस दिवस ती तुतीचा पाला खाते, चारदा कात टाकते आणि वजनाने जवळजवळ दहा हजारपट वाढते. मग तोंडातून झरणाऱ्या धाग्याने ती दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती घर बांधते. धागा एकच, अखंड, बहुधा हजार मीटरच्या आसपास. पतंग बाहेर पडला तर कोशाला भोक पडते आणि हा अखंडपणा जातो. म्हणून त्याआधीच वाफेने किंवा उष्ण हवेने त्याला मारतात.

कोणी म्हणेल, हा किडा माणसाने पाळला म्हणूनच टिकला. खरे आहे, हजारो वर्षांच्या पाळीव जिण्यात त्याच्या पंखांतले बळसुद्धा गेले. परंतु ज्याला आपणच पांगळे केले, त्याला आपण पोसतो ही काही उपकाराची गोष्ट नव्हे. पतंग निघून गेलेल्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ करण्याचा मार्ग हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी दाखवला. तो आदरणीय आहे. पण तुटका धागा कातावा लागतो, कापड महाग पडते. शिवाय एकेक मादी चारशेच्या आसपास अंडी घालते. त्या साऱ्यांना पाला कोठून आणायचा?

ओकायाच्या शोकोजी या बौद्ध मंदिरात मेलेल्या रेशीमकिड्यांच्या आत्म्यांसाठी स्मारक उभारलेले आहे. आधी मारायचे आणि मग हात जोडायचे, हे ढोंग नव्हे काय? निदान ते विस्मरण नव्हे, असे मला वाटते. त्या मुलखात कोशातला जीवही फुकट घालवीत नसत. तो शिजवून खात.

पण कृतज्ञतेचीही एक परीक्षा असते. याच ओकायाच्या कारखान्यांकडे हिदा भागातल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुली नोमुगी खिंडीतले बर्फ तुडवीत येत आणि दिवसाचे तेरा-चौदा तास त्या वाफेत राबत. यामामोतो शिगेमी यांनी त्यांची कहाणी १९६८ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. किड्याच्या आत्म्याला शांती चिंतणाऱ्या हातांनी या मुलींचा एक तास तरी कमी केला असता, तर त्या नमस्काराला अधिक अर्थ आला असता. ऋण नुसते आठवून भागत नाही. त्याने आपल्या वागण्याला काही मर्यादा पडली पाहिजे.

आपल्या घरांतून ही मर्यादा कोणी न शिकवता पाळली जात असे. सासूची पैठणी सून नेसे. ती विरली की तिच्या काठापदराचे नातीला परकर-पोलके होई. त्या बायकांनी किड्यांचा विचार केला असेल असे नाही. तरी एका वस्त्राने तीन पिढ्यांचे सण साजरे होत आणि तेवढे नवे कोश पाण्यात पडायचे वाचत. आज एका समारंभापुरते नेसलेले पातळ पुन्हा घडीबाहेर येत नाही.

रेशीम नेसूच नये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. घरात दिवाळीला रेशीम नेसले जाईल, आणि ते शोभेलही. फक्त दुकानात दुसऱ्या पातळाकडे हात जाण्यापूर्वी, कपाटातले पहिले किती वेळा नेसले, एवढे ज्याने त्याने मोजून पाहावे.