जमिनीवर घट नाही, तारेत भोवरे आहेत

दिल्लीत अरुणा असफ अली मार्गावर आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आहे आणि शेजारीच जेएनयू. केंद्रात नायोबियमच्या पोकळ्या द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड करून आयनांना वेग देतात. जेएनयूत संस्कृत शिकवतात. दोन्हीकडच्या मंडळींनी एका टेबलावर चहा घ्यावा असा एक प्रश्न आहे: जे नाही, ते 'आहे' म्हणता येते का?

वैशेषिक दर्शनाचे पंडित म्हणतात, येते. शिवादित्याच्या 'सप्तपदार्थी'त अभाव हा सातवा पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचा सातवा प्रकार. जमिनीवर घट नसेल तर तिथे घटाचा अभाव आहे, आणि तो जमिनीइतकाच खरा. मीमांसा दर्शनातल्या प्राभाकर पंथीयांना हे मुळीच मान्य नाही. दिसते ती नुसती जमीन, असे त्यांचे म्हणणे.

आता नायोबियम. इतके थंड केले की ते अतिसंवाहक होते, म्हणजे वीज रोधाशिवाय वाहू देते. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, हे माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. पण नायोबियमसारखे काही पदार्थ एका मर्यादेनंतर तडजोड करतात. क्षेत्र आत शिरते ते बारीक धाग्यांनी. प्रत्येक धाग्याभोवती विद्युतप्रवाह गरगरतो आणि मधल्या गाभ्यात, केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक जागेत, अतिसंवाहकता मावळलेली असते. अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे भोवरे गणिताने मांडले. त्यासाठी नोबेल मिळाले २००३ मध्ये! क्षेत्र वाढवले की भोवऱ्यातला चुंबकीय प्रवाह वाढत नाही, भोवऱ्यांची गर्दी वाढते. दिल्लीतल्या मोठ्या रुग्णालयांतल्या एमआरआयचे दीड टेस्ला क्षेत्र घेतले, तर त्यातल्या अतिसंवाहक तारेत चौरस मिलिमीटरमागे सुमारे ७२ कोटी भोवरे.

म्हणजे गाभ्यातला अतिसंवाहकतेचा हा अभाव मोजता येतो. ढकलताही येतो: तारेतून वीज सोडली की भोवरे आडवे सरकतात, ऊर्जा खातात आणि रोध पुन्हा डोके वर काढतो. म्हणून एमआरआयच्या नायोबियम-टायटॅनियम तारेत मुद्दाम खोट ठेवतात, टायटॅनियमचे सूक्ष्म कण. भोवरे तिथे अडकून बसतात. त्वरकाच्या पोकळीत मात्र अडकलेले भोवरे नकोच. बदलत्या क्षेत्रात ते जागच्या जागी थरथरतात आणि हेलियम तापवतात.

वैशेषिक इथे खूश होतील. ज्याला खिळवून ठेवावे लागते, ते नाही कसे?

प्राभाकर मात्र गप्प बसणारे नव्हेत. गाभ्यात आहे तो साधा धातू, भोवरा म्हणजे भोवतीचा प्रवाह; मध्ये अभाव कशाला घुसवता? पुरावाही त्यांच्या बाजूचा आहे. नायोबियम ९.२ केल्विनच्या वर तापवले की अतिसंवाहकतेचा अभाव सगळीकडे पसरतो, पण भोवरा एकही उरत नाही. घट फुटला तरी त्याचा अभाव टिकतो. भोवऱ्याचे तसे नाही. पारडे प्राभाकरांकडे झुकते, हे कबूल करायला हवे. तरी वैशेषिकांच्या हाती एक डाव उरतोच: मधोमध कुठेतरी अतिसंवाहकता शून्यावर आल्याशिवाय सलग अतिसंवाहकात त्या प्रवाहाचा फेरा जमतच नाही.